वारं उघडणारं गाव

एका उभ्या घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात माणसं कमी आणि गाढवं जास्त. चार पायांची. दोन पायांची धरली तर आकडा बराच वाढेल, पण ती या गोष्टीत पुढे येणारच आहेत, घाई नको.

गावाचा धंदा एकच. समुद्राकडून मीठ यायचं. ते गोण्यांत भरायचं, गाढवांच्या पाठीवर लादायचं आणि बावीस वळणांचा घाट चढून वरच्या बाजारात पोचवायचं. पावसाळ्यात वाट बंद. पाऊस ओसरला, पोळा झाला, की वाट सुरू.

पोळ्याला गावातल्या दहा-बारा बैलांना अंघोळ घालायचे, शिंगांना बेगड लावायचे, पुरणपोळी चारायचे. दुसऱ्या दिवशी गाढवांचा सण असायचा. त्याला म्हणायचे ‘वारं उघडणी’. दोन वर्षांचं झालेलं प्रत्येक गाढव धरून आणायचं आणि वस्तऱ्यानं त्याच्या दोन्ही नाकपुड्या वरपर्यंत चिरायच्या. कशासाठी? तर नाक मोठं झालं की वारा जास्त आत जातो, आणि गाढवाला घाट चढताना धाप लागत नाही.

बैलाला पुरणपोळी, गाढवाला वस्तरा. ढोल मात्र दोन्ही दिवशी तोच वाजायचा.

गावाच्या वेशीपाशी एक बाई राहायची. ती खोगिरं शिवायची. गोणीखाली गाढवाच्या पाठीवर जी जाड गादी घालतात ते खोगीर. नवी कमीच शिवायला यायची, जुनी दुरुस्तीला जास्त. बाई खोगीर उसवायची. आत पेंढा असायचा, आणि पेंढ्याला चिकटलेले केस, वाळलेलं रक्त, कधी कातड्याचा तुकडा. गावातल्या सगळ्यांनी अशी खोगिरं आयुष्यभर पाहिली होती. कोणाला काही वाटलं नव्हतं. बाईला एक दिवस वाटलं.

खोगीर घेऊन आलेल्या गाढववाल्याला तिनं विचारलं, "हे ज्याचं आहे तो कुठाय?"

"माझंच आहे की!"

"तुझ्या पाठीवर घालतोस?"

"अगं, गाढवाच्या घालतो. काय विचारतेस!"

"मग त्याला आण. सदरा शिवताना शिंपी माप घेतो का नाही? मी काय हवेत शिवू?"

गाढववाल्यानं कुरकुरत गाढव आणलं. बाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठीच्या कण्यावर दोन ठिकाणी जखम, आणि खोगिराचा फुगवटा बरोबर त्याच दोन ठिकाणी. तिनं खोगीर दोन भागांत शिवलं, कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, मध्ये मोकळी पन्हळ. जखमेला हळद घालून करंजाचं तेल लावलं. आठ दिवसांत जखम भरत आली. गाढववाल्यानं मोबदला विचारला तर म्हणाली, "शिवणीचा घेईन. तेलाचा नाही. तेल गाढवाला लावलंय, तो काही देणारा नाही."

मग तिनं घरासमोरच्या उंबराखाली एक दगडी डोणी मांडली. घाट उतरून आलेल्या कुठल्याही गाढवानं तिथं पाणी प्यावं, सावलीत उभं राहावं. खूर वाढला असेल तर ती तासून द्यायची, पाठ सोलली असेल तर तेल लावायची. सगळं फुकट.

फुकट म्हटल्यावर गाव घाबरलं. पारावर बसणाऱ्या पंचांना तर झोप लागेना. माणूस फुकट काही करतो म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणारच, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःवरूनच ओळखलं असणार.

"गाढवांचं माहेर काढलंय म्हणे बाईनं," एक पंच म्हणाला.

"उद्या डोहाळजेवणं घालील," दुसरा म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. दिवसभर पारावर बसणाऱ्यांना एवढ्यावर संध्याकाळ काढता यायची.

बाई ऐकायची आणि म्हणायची, "घालीन की. तुम्ही या जेवायला. पंगतीत फरक कळायचा नाही."

बाईकडे स्वतःची एक गाढवीण होती. आई घाटात पडून मेली तेव्हा हे शिंगरू चार दिवसांचं होतं. बाईनं त्याला बकरीच्या दुधावर वाढवलं. त्याला एक खोड होती. दिसेल त्यात नाक घालायचं. चुलीत, टोपलीत, पाहुण्याच्या पिशवीत, पंचांच्या धोतराच्या सोग्यात. म्हणून बाईनं तिचं नाव ठेवलं चौकशी.

चौकशी बाईची, का बाई चौकशीची, हे सांगणं अवघड होतं. दोघींनाही प्रत्येक गोष्टीचा वास घेऊन बघायचा असायचा.

बाईला एक वेगळीच गोष्ट खटकत होती. डोणीवर येणाऱ्या गाढवांच्या नाकाखाली ती तळहात धरायची. न चिरलेल्या चौकशीचा श्वास सरळ तळहातावर यायचा, गरम. चिरलेल्या गाढवांचा श्वास बाजूला कुठेतरी फसफसत जायचा. चिरा आक्रसून कडेला गाठी आलेल्या. त्यांत माश्या बसलेल्या. गाढवं सारखी फुरफुरायची, डोकं झटकायची.

‘यांना खरंच वारा जास्त मिळतो?’ तिला प्रश्न पडला.

तिनं घाट सुरू असताना पाचव्या वळणावर बसून पाहिलं. त्या वर्षी गावात चार गाढवं पोळ्यानंतर विकत आणलेली होती, म्हणून त्यांची नाकं अजून शाबूत होती. बाकी सगळी चिरलेली. सात दिवस ती बघत बसली. चिरलेली गाढवं वळणावर थांबायची, फुरफुरायची, काठी खाल्ल्यावर निघायची. ती चार गाढवं त्याच ओझ्यानं त्याच वाटेनं न थांबता पुढे जायची.

मग पावसानं वाट बंद झाली. पोळा जवळ आला आणि पंच सणाचं ठरवायला बसले, तशी बाई पारावर गेली. गावाचा कारभारी तिथं बसला होता. मीठ त्याचं, गोण्या त्याच्या, वरच्या बाजारातलं दुकान त्याचं. बाईनं पाहिलेलं सगळं सांगितलं.

कारभाऱ्यानं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. मग पंचांना म्हणाला, "ऐकलंत? चिरलेली गाढवं थांबतात. म्हणजे चीर लहान पडतेय. यंदापासून बोटभर मोठी घ्या."

मोठ्या माणसांच्या डोक्यात प्रश्न शिरला की त्याचं असं काहीतरी होऊन बाहेर येतं.

"अहो कारभारी, मुळात चिरायचंच कशाला?" बाईनं विचारलं.

"वारं उघडायला."

"बंद कधी होतं?"

उत्तर नसलं की कारभारी आवाज वाढवायचा. "हे बघ बाई, तुझी गाढवीण दोन वर्षांची झालीय. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं नाक तिचं. नाही आणलीस, तर ती या गावात राहायची नाही. बंद नाकाचं एक गाढव घाटात अडलं की मागची रांग अडते."

"ती पेंढा वाहते. घाटात जातच नाही."

"मग नियम सगळ्यांना सारखा."

बाई घरी आली. चौकशीनं नेहमीप्रमाणे तिच्या ओच्यात नाक घातलं. पोळ्याला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या सकाळी बाई विचारायला निघाली. तिचा प्रश्न साधा होता. पहिलं नाक कोणी चिरलं आणि का?

शेजारचा गाढववाला म्हणाला, "माझ्या बापानं शिकवलं." बाप घरातच होता. तो म्हणाला, "माझ्या काकानं." काका मेला होता, पण काकू होती. ती म्हणाली, "यांना कोण शिकवणार? चारचौघं करतात तेच यांनी केलं."

पंच म्हणाले, "शास्त्रात आहे." बाई पोथी वाचणाऱ्या गुरुजींकडे गेली. ते प्रामाणिक निघाले. दोन दिवस पोथ्या चाळल्या. "बाई, घोड्याचं आहे, हत्तीचं आहे, मुंगसाचंसुद्धा आहे. गाढवाच्या नाकाचं काही नाही. पण पंचांना माझं नाव सांगू नको हं. दक्षिणा त्यांच्याकडूनच येते." प्रामाणिकपणा दारापर्यंतच होता म्हणायचा.

अशी विचारत विचारत, दर घरी एकेक पिढी मागे जात, बाई गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या ओट्यावर पोचली. त्याला सगळे आज्जा म्हणायचे. दरवर्षी सणाला आज्जाच्या डोक्यावर मानाचं पागोटं चढायचं, आणि पहिली चीर त्याच्या हातची असायची. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. मान मात्र त्याचा होता.

भर दुपार होती. आज्जा सुपारी कातरत बसला होता.

"आज्जा, पहिलं नाक कोणाचं चिरलं?"

अडकित्ता थांबला. "कोण विचारतंय?"

"मीच. दुसरं कोण रिकामं आहे?"

"साठ वर्षं झाली," आज्जा म्हणाला. "एकानंही विचारलं नाही गं."

"मी विचारतेय ना."

"चिरलं नव्हतं. फाटलं होतं." आज्जानं सुपारी खाली ठेवली. "माझंच गाढव. मला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. आठव्या वळणावर ते चिल्हारीच्या काटेरी जाळीत घुसलं. मी ओढून काढलं, तर दोन्ही नाकपुड्या फाटलेल्या. पण मग ते असं सुटलं की मागची सगळी गाढवं खाली राहिली. वर पहिलं पोचलं. लोक गोळा झाले. म्हणाले, अरे, तुझं गाढव आज पहिलं कसं?"

"मग? कसं?"

आज्जा कुजबुजला, "गोणीही फाटली होती. त्याच जाळीत. आठव्या वळणापासून वरपर्यंत मीठ सांडत गेलं. माथ्यावर गोणी अर्धीसुद्धा नव्हती."

बाई ओट्यावर त्याच्या जवळ सरकून बसली.

"आत्ताच्या कारभाऱ्याचा आजा तेव्हा कारभारी. मीठ सांडलं म्हणून चामड्याच्या पट्ट्यानं मारायचा. मी गोणी ढिगात मागे ढकलली आणि म्हणालो, बघा, नाक फाटलंय, वारा जास्त मिळतोय. जीव वाचवायला बोललो. आठवड्यात गावातल्या निम्म्या गाढवांची नाकं चिरली."

"आणि तुम्ही गप्प."

"पोर होतो मी!"

"तेव्हा पोर होतात. तिशीत? पन्नाशीत? मारणारा कारभारी मेला तेव्हा?"

"तोवर पागोटं मिळालं होतं," आज्जा म्हणाला. निदान हे तरी खरं बोलला. "कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"सांगायला विचारावं लागतं का, आज्जा? रोज डोळ्यांसमोरून जात होती ना गाढवं?"

आज्जानं सुपारी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाला, "तू सांगणार का पारावर?"

"मी सांगितलं तर म्हणतील, बाईनं म्हाताऱ्याच्या नावावर काहीतरी रचलं. तुमच्या तोंडून आलेलं खोटं आहे, तुमच्याच तोंडून मागे जायला पाहिजे. त्या दिवशी वस्तरा तुमच्या हातात असेल आणि समोर चौकशी असेल. काय करायचं ते तुम्ही बघा."

ती उठली. "आणि आज्जा, तुमचं पागोटं गेलं तर दुसरं बांधता येईल. नाक दुसरं मिळत नाही."

पोळा झाला. दुसरा दिवस उजाडला. पारासमोर हंगामाच्या पहिल्या पंचवीस गोण्या रचून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. ढोल वाजत होता. पाच तरणी गाढवं रांगेत बांधली होती. पहिली चौकशी. तिला कशाचा पत्ता नव्हता. ढोलाचा वास घ्यायला ती दोरी ताणत होती.

आज्जाच्या डोक्यावर पागोटं चढलं, हातात वस्तरा आला. दोघा गड्यांनी चौकशीचं डोकं दाबून धरलं. बाई समोर उभी होती. तिनं पदराचं टोक इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

आज्जा वाकला. चौकशीनं त्याच्या हाताला नाक लावलं, हुंगलं. वस्तराही हुंगला. मग पुन्हा हात हुंगला.

आज्जा सरळ झाला. "ढोल थांबवा," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. काटे, फाटलेलं नाक, फाटलेली गोणी, सांडलेलं मीठ, खोटं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "वारा जास्त मिळत नाही. ओझं कमी होतं, एवढंच."

गाढववाले एकमेकांकडे बघू लागले. कोणाला हसू येत होतं, कोणाला घाम. ज्याला त्याला आपल्या गाढवाचं नाक आठवत होतं.

पंचांनी डोकी जवळ आणली, कुजबुज केली, आणि कारभारी उभा राहिला. तुम्हाला वाटेल, तो म्हणाला असेल, अरेरे, केवढी चूक झाली. मग तुम्हाला कारभारी कळलेलेच नाहीत.

तो म्हणाला, "आज्जा, झालं ते झालं. तुमचं गाढव नाक फाटल्यावर पहिलं पोचलं का नाही?"

"पोचलं, पण..."

"पोचलं ना? मग बास. आता साठ वर्षांची परंपरा आहे. खरं-खोटं बघायची वेळ निघून गेली. वरच्या बाजारात कळलं तर लोक काय म्हणतील? साठ वर्षं हे गाव गाढव होतं? चालवा वस्तरा."

पंचांनी माना डोलावल्या. ढोलवाल्यानं टिपरू उचललं. गड्यांनी चौकशीचं डोकं पुन्हा दाबलं.

तेवढ्यात बाई म्हणाली, "कारभारी, एक विचारू?"

"तुझं विचारणं संपत नाही का गं?"

"शेवटचं. नाकही फाटलं होतं आणि गोणीही फाटली होती. दोन्ही एकाच जाळीत, एकाच दिवशी. मग परंपरेत नाक तेवढंच का घेतलंत? गोणी का सोडलीत?"

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग मागच्या बाजूला एक गाढववाला फिसकन हसला. मग दुसरा. आज्जानं बाईकडे बघितलं, मग गोण्यांच्या ढिगाकडे.

"बरोबर आहे पोरीचं," तो म्हणाला. "मी सुरू केली, कशी पाळायची ते मला ठाऊक. आधी गोणी."

तो ढिगापाशी गेला, आणि कोणी पुढे यायच्या आत त्यानं वस्तरा पहिल्या गोणीत घालून खालपर्यंत ओढला. मीठ भळाभळा बाहेर आलं.

"अहो, काय करताय!" कारभारी ओरडला.

"परंपरा," आज्जा म्हणाला, आणि दुसरी गोणी फाडली.

गाढवांना मीठ जीव की प्राण. पाचही गाढवांनी दोऱ्या तोडल्या. चौकशीनं दोन गड्यांना दोन बाजूंना फेकलं आणि ढिगात नाक खुपसलं. आज्जानं तिसऱ्या गोणीला वस्तरा लावला.

"थांबा! आज्जा, पाया पडतो, गोणी फाडू नका!"

"मग काय फाडू? तुम्हीच सांगा, कारभारी. नाक?"

"काही फाडू नका! नाक नको, गोणी नको! बंद! परंपरा बंद!"

साठ वर्षं जी मोडत नव्हती, ती दोन गोण्यांत मोडली.

त्या हंगामात पाच गाढवं अख्ख्या नाकानं राहिली, पुढच्या वर्षी आणखी अकरा. बाईच्या डोणीवर गर्दी वाढली. गाढववाले आता खोगिराबरोबर गाढवही आणायचे आणि स्वतः विचारायचे, हे खोगीर कुठं लागतंय बघ गं. कोणी पेंढा देऊ लागला, कोणी करंजाचं तेल. दोघातिघांनी मिळून घाटात अकराव्या वळणावर दुसरी डोणी बसवली. कारभारी वरच्या बाजारात छाती काढून सांगू लागला, की ती जुनी वाईट चाल आम्ही आमच्या कारकिर्दीत बंद केली. त्याला कोणी अडवलं नाही. गाढवांचं काम झालं होतं.

पण चिरलेली नाकं काही भरून आली नाहीत. ती गाढवं तशीच फुरफुरत राहिली.

एक दिवस आज्जा काठी टेकत डोणीवर आला. डोक्यावर पागोटं नव्हतं. म्हणाला, "मला काहीतरी काम दे."

बाईनं त्याच्या हातात निरगुडीची पालेदार फांदी दिली. "यांच्या नाकावरच्या माश्या हाकला."

आज्जा रोज येऊ लागला. एका संध्याकाळी त्यानं विचारलं, "मी बोललो शेवटी. केलंस ना मला माफ?"

"मला कशाला विचारता? माझ्या चौकशीचं नाक जागच्या जागी आहे." बाईनं डोणीकडे बोट केलं. "ज्यांची गेली ती तिथं उभी आहेत."

आज्जा फाटक्या नाकाच्या एका म्हाताऱ्या गाढवापुढे जाऊन उभा राहिला. गाढवानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ते फसफस करत पाणी पीत राहिलं, आणि आज्जा माश्या हाकत राहिला.

तात्पर्य, आणि हे मुलांच्या आधी मोठ्यांनी वाचावं: एखादी गोष्ट का करतो हे सांगता येत नसेल, तर हात थांबवा आणि विचारा. आणि उत्तर ठाऊक असेल, तर कोणी विचारायची वाट बघत बसू नका. तोवर नाकं दुसऱ्यांची जातात.